आमच्या रुळांवर छोटी गाडी सोडा

मा. महाव्यवस्थापक, दक्षिण मध्य रेल्वे, सिकंदराबाद यांस,



अकोला ते पूर्णा ही मीटरगेज लाईन २००८ साली ब्रॉडगेज झाली आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांची सोय झाली. पण वाशिम आणि हिंगोलीच्या मधोमध वसलेल्या कनेरगाव नाक्याला हैदराबाद किंवा जयपूर गाठायचे नसते. इथल्या माणसाला रोज लागते ते कॉलेज, तहसील, मोंढा आणि दवाखाना. एकेकाळी निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांची हद्द इथे होती. आज पैनगंगेपलीकडे वाशिम जिल्हा लागतो, पण लोकांचे व्यवहार दोन्हीकडे आहेत. त्यांच्यासाठी या मार्गावर ट्रामसारखी सेवा हवी, म्हणजे दोन-तीन डब्यांची, ठरलेल्या अंतराने दिवसभर ये-जा करणारी गाडी. विजेवरची मेमू मिळाली तर उत्तम, तोवर डिझेलवरची डेमूही चालेल.

ट्रामचा दाखला देतो, कारण तिचे बळ वारंवारतेत होते. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली ती विजेवर आली. पुढची ट्राम मागून येतेच आहे या भरवशावर गिरणगावातला कामगार वेळापत्रक न बघता घराबाहेर पडत असे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. मोटारींना वाट मोकळी व्हावी म्हणून ट्राम काढणाऱ्या त्याच शहराला पुढे मेट्रोसाठी हजारो कोटी मोजावे लागले. आपल्याकडे तर रूळ अंथरलेलेच आहेत. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरवायला डांबरी रस्त्यावरच्या रबरी चाकापेक्षा कितीतरी कमी शक्ती लागते, म्हणजे इंधन वाचते आणि धूरही कमी होतो.

यावर आपले अधिकारी म्हणतील की पॅसेंजरला माणसेच नसतात. दिवसात मोजक्या वेळी, तीही एक्सप्रेसला वाट देत थांबत येणाऱ्या गाडीच्या भरवशावर कोण राहील? नाक्यावर काळीपिवळीजवळ उभे राहून पाहा. हातात दवाखान्याची फाईल घेतलेली म्हातारी आत बसलेली असते आणि सीट भरेपर्यंत गाडी हलत नाही. प्रवासी आहेत, ते फक्त रस्त्यावर आहेत. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहराने १९९२ साली आपली ट्राम थेट रेल्वेच्या रुळांवरून ब्रेटन या छोट्या गावापर्यंत नेली, फेऱ्या वाढवल्या, वाटेत नवे थांबे दिले आणि त्या मार्गावरचे प्रवासी कित्येक पटींनी वाढले. गाव छोटे असल्याने तिथे काही अडले नाही.

दुसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे. मार्ग एकेरी आहे आणि त्यावर मालगाड्याही धावतात. म्हणूनच पहिल्या दिवसापासून दर अर्ध्या तासाला गाडी मागणे वेडेपणाचे ठरेल. क्रॉसिंगच्या स्टेशनांचा हिशेब धरून वाशिम ते पूर्णा दर दोन तासांनी एक फेरी बसते का, हे आपले नियोजन खातेच तपासू शकते. छोट्या गाडीचा वेग लवकर चढतो आणि ती लवकर थांबते, त्यामुळे थांबे असूनही ती लाईन फार वेळ अडवत नाही. तोट्याचे म्हणाल, तर इथला महामार्ग १६१ रुंद करताना त्याचा खर्च तिकिटातून किती वसूल होईल असे कोणी विचारले नव्हते. काळीपिवळीवाल्यांच्या पोटाचा प्रश्न मात्र मला टाळायचा नाही. स्टेशनपासून आतल्या गावांपर्यंत माणसे नेण्याचे काम त्यांचेच राहील. गाडीच्या वेळेला स्टेशनबाहेर त्यांना अधिकृत जागा द्यावी.

एक वर्ष प्रयोग करून पाहावा, आणि तो पहिल्या महिन्याच्या आकड्यांवर गुंडाळू नये, कारण भरवसा बसायला वेळ लागतो. सकाळची पहिली गाडी कॉलेज भरण्याआधी हिंगोलीत आणि वाशिममध्ये पोचावी, संध्याकाळची शेवटची दवाखाने बंद झाल्यावर सुटावी. आणि एक्सप्रेसला उशीर झाला म्हणून ही गाडी थांबवून ठेवू नये.

आपला,
कनेरगाव नाका येथील एक प्रवासी