भुंकणारा खोकला लागतो का?

थंडी पडली की आमच्या कोपरच्या चाळीत मध्यरात्री एखाद्या घरात दिवा लागतो. संध्याकाळपर्यंत नुसती सर्दी असलेले दीड-दोन वर्षांचे मूल कुत्रा भुंकल्यासारखे खोकू लागते, आवाज बसतो, श्वास आत घेताना घशातून घरघर येते. यालाच डॉक्टर क्रूप म्हणतात. हा डांग्या खोकला नव्हे. पण सकाळी शेजारणी आपली मुले आत ओढतात आणि त्या आईला नळावरही जरा लांबच उभे करतात. लांब उभे करणे म्हणजे काय, हे आपल्या माणसांना सांगायला नको.

तेव्हा खरे काय ते पाहू. क्रूप म्हणजे स्वरयंत्राला व श्वासनलिकेला आलेली सूज. ती बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूने येते. विषाणू एकापासून दुसऱ्याला लागतो, पण प्रत्येकाला क्रूप होत नाही. मोठ्या माणसाचे साध्या सर्दीवर भागते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाची श्वासनलिका मुळातच अरुंद, तिथे थोडी सूजही वाट अडवते. म्हणजे लोकलच्या गर्दीतून शिंकत आलेला बाप किंवा शाळेतून सर्दी घेऊन आलेली ताईच बाळाला हा आजार देऊ शकते. राज्यातील ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या कल्याण-डोंबिवलीतच सापडला होता. त्या ओमायक्रॉनमुळेही लहान मुलांना क्रूप होतो, असे २०२२ साली अमेरिकेतील बोस्टनच्या डॉक्टरांनी नोंदवले.

एका खोलीच्या घरात आजारी मुलाला वेगळे कुठे ठेवणार? ते शक्य नाही, पण साबण शक्य आहे. कामावरून आल्यावर, नाक पुसल्यावर हात धुवावेत, मगच बाळाला घ्यावे. ज्याला सर्दी आहे त्याने तोंडाला रुमाल बांधावा, बाळाचे मुके घेऊ नयेत. आजारी मुलाची वाटी-चमचा निराळा, खेळणी साबणाने धुतलेली. पहिले तीन दिवस आणि ताप असेपर्यंत त्याला अंगणवाडीत पाठवू नये. आईला सर्दी असली तरी अंगावरचे दूध तोडू नये. बिडीचा धूर मात्र घरात नकोच.

या विषाणूवर लस नाही. पण घटसर्पातही असाच श्वास अडतो आणि त्याची लस आहे : सहा, दहा व चौदा आठवड्यांना, नंतर दीड वर्षाच्या सुमारास आणि पाचव्या वर्षी. ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते. कार्ड काढून पाहा.

रात्री त्रास झाला तर मुलाला मांडीवर ताठ बसवावे, रडू देऊ नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्याची वाफ देऊ नये, तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि दाटीच्या खोलीत मुले भाजतात. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नये, विषाणूवर ते चालत नाही. डॉक्टर स्टिरॉइडचा एखादा डोस देतात, त्याने काही तासांत सूज उतरू लागते. मूल शांत बसले असतानाही घरघर येत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, लाळ गळत असेल, ते सुस्त पडले असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट पाहू नये. १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका मागवावी, रात्रीचे कितीही वाजले असोत.