गप्प झालं म्हणजे बरं झालं?

शुक्रवारची संध्याकाळ. स्टोरी फाइल केलेली, पिक्चरची तिकिटं हातात. तेवढ्यात चौसाळ्याहून ताईचा फोन. ''अगं, कालपासून पिंट्याचं पोट दुखायलंय. कळ आली की गुडघे पोटाशी घेऊन रडतो, गेली की लागला खेळायला!''

''जंत असतील गं,'' मी एक्स्पर्टसारखं सांगून मोकळी!

रात्री पिंट्याला हिरवी उलटी झाली. मग तो एकदम गप्प. ताईला वाटलं, झोप लागली. शेजारच्या काकांना मात्र ते गप्प पडणं खटकलं. त्यांनी जीप काढली आणि मांजरसुंब्यावरून थेट बीड गाठलं. सोनोग्राफीत वर्तुळात वर्तुळ दिसलं, नेमबाजीच्या टार्गेटसारखं. निदान : इन्टससेप्शन.

म्हणजे काय, तर शर्ट काढताना बाही आत ओढली जाते ना, तसं आतडं पुढच्या आतड्यात शिरतं. तिथला रक्तपुरवठा अडला आणि उशीर झाला, तर आतडं सडायला लागतं. कळा थांबून थांबून येतात, म्हणून मधल्या वेळात सगळं ठीक वाटतं. कळा, उलटी आणि रक्ताळलेली शी ही पुस्तकातली तिन्ही लक्षणं एकत्र तर निम्म्याहून कमी मुलांत दिसतात. पिंट्याच्या शीत रक्त नव्हतंच.

हे दुखणं सहसा 3 महिने ते 3 वर्षांच्या बाळांचं. त्यांच्यात शौचाच्या जागेतून हवा किंवा सलाइन दाबाने सोडलं की बहुतेकदा आतडं जागेवर येतं, ऑपरेशनशिवाय. 10 पैकी साधारण एकाला ते पुन्हा होतं, म्हणून नंतरही लक्ष ठेवायचं.

पण पिंट्या 6 वर्षांचा. एवढ्या मुलात डॉक्टर कारण शोधतात : पॉलिप, गाठ किंवा मेकेलची पिशवी. आतड्याला जन्मतःच असलेली ही छोटी पिशवी 100 पैकी साधारण दोघांना असते, आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही! पिंट्याची निघाली ऑपरेशनमध्ये. डॉक्टरांनी आतडं हलकेच मागे सरकवलं, पिशवी काढून टाकली.

आता स्वारी पुन्हा क्रिकेट खेळतेय. मी मात्र फोनवरची डॉक्टरकी बंद केलीय. तुम्हालाही गावाकडून असा फोन आला, तर 'जंत असतील' म्हणू नका. कळा थांबून थांबून येतायत? उलटी हिरवी आहे? लेकरू मलूल पडलंय? मग एवढंच सांगा : सकाळची वाट बघू नका, आत्ता निघा!