कॅरमपटूची कारकीर्द नोकरीच्या पटावर

उल्हासनगर : स्वित्झर्लंडच्या सिल्व्हाना तिरिन्झोनी यांच्या संघाने २०१९, २०२१, २०२२ आणि २०२३ अशी चार वर्षे कर्लिंगचे जागतिक विजेतेपद पटकावले. सुमारे वीस किलो वजनाचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सरकवून नेमक्या जागी थांबवायचा, असा हा खेळ. कोन आणि वेग यांचा हाच हिशेब आपल्याकडे पंधरा ग्रॅमच्या स्ट्रायकरने मांडला जातो. तरीही कर्लिंगपटू आणि कॅरमपटू यांच्या वाटचालीत मोठे अंतर आहे आणि ते कौशल्याचे नाही.

कर्लिंगला १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकपासून नियमित स्थान मिळाले. तेथे पुरुषांचे सुवर्णपदक स्वित्झर्लंडनेच जिंकले. कॅरमचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९८८ मध्ये चेन्नईत स्थापन झाला, विश्वचषक स्पर्धाही होतात. मात्र ऑलिम्पिक किंवा आशियाई क्रीडा स्पर्धेत या खेळाला प्रवेश नाही. पदकतक्त्यात नसलेला खेळ सरकारी प्राधान्यक्रमातही मागे पडतो.

वास्तविक हा खेळ उल्हासनगरसारख्या शहरांचा आहे. लष्करी छावणीच्या बराकींत निर्वासितांना वसवून १९४९ मध्ये या शहराचे नामकरण झाले. कॅम्प २ सारख्या दाट वस्तीत मोकळे मैदान शोधावे लागते. ७४ सेंटिमीटरचा पट मात्र कोणत्याही खोलीत मावतो. त्यामुळे हा खेळ शिकणे स्वस्त आहे. महाग आहे ते त्यात टिकणे.

टिकण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे नोकरी. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये विश्वचषक जिंकणारे मुंबईचे प्रशांत मोरे रिझर्व्ह बँकेकडून खेळत आले. खासगी क्षेत्रात जळगावच्या जैन इरिगेशनने कॅरमपटूंचा संघ उभा केला. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातील खेळांच्या यादीत कॅरम आहे. परंतु यादीत नाव असणे आणि प्रत्यक्ष भरती निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरमपटूंना सामावून घेणारी एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली. सार्वजनिक क्षेत्र आक्रसते, तसा या खेळाचा आधारही आक्रसतो.

चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची कन्या काझिमा हिने २०२४ मध्ये अमेरिकेतील विश्वचषकात तीन सुवर्णपदके जिंकली. तमिळनाडू सरकारने तिला एक कोटी रुपये दिले. हा गौरव योग्यच. पण पारितोषिक मिळते ते शिखर गाठल्यावर. खेळ सोडण्याचा निर्णय त्याआधीच, शिक्षण संपून घरची जबाबदारी अंगावर येते तेव्हा घेतला जातो. महाराष्ट्राला नवे विश्वविजेते हवे असतील, तर सत्कारांपेक्षा या टप्प्यावरील भरतीकडे लक्ष द्यावे लागेल. राज्य स्पर्धांत चमकणाऱ्या तरुणांसाठी दरवर्षी मोजक्या का होईना, पण निश्चित जागा ठेवल्या, तरी अनेक गुणी हात पटावर टिकतील.