जुना ट्रक घेतलात? रंगाआधी ऑइल बदला

सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला की नांदेड-लातूरकडे जुना ट्रक घेण्याची घाई सुरू होते. लातूरच्या आडतीवर दिवाळीच्या आगेमागे माल येऊ लागतो, त्यामागून तुरीचा हंगाम येतो. देगलूरमार्गे हैदराबादकडे आणि यवतमाळमार्गे नागपूरकडे भाडे मिळते. आपल्यातील अनेक तरुण ड्रायव्हरकी सोडून याच दिवसांत मालक होतात. घरचे दागिने, भावाची बचत आणि फायनान्सचा हप्ता यांवर गाडी दारात येते. हे धाडस कौतुकाचे आहे. मात्र गाडी आल्यावर पहिला पैसा कुठे जातो, हे पाहिले की चिंता वाटते.

पहिला पैसा रंगाला जातो. मग केबिनची गादी, झालर, हॉर्न आणि मागे लिहायचे नाव. ऑइलचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते, ‘मालकाने आत्ताच बदललेय, दोन ट्रिपा मारू, मग बघू.’ आमचे स्पष्ट मत आहे की हा क्रम उलटा आहे. जुन्या गाडीतील सर्व ऑइल, पाणी आणि फिल्टर बदलल्याशिवाय तिच्यावर पहिला माल चढवू नये.

विकणारा खोटेच बोलतो असे नाही. पण आतले ऑइल कोणते, किती किलोमीटर चाललेले, हे बाहेरून कळत नाही. डिझेल इंजिनाचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडते, म्हणून काळे दिसले तर ते जुनेच असे म्हणता येत नाही. उलट विक्रीच्या आदल्या दिवशी जाड ऑइल भरून धूर आणि खडखड काही काळ दडवता येते. तेव्हा स्वच्छ ऑइलही पुरावा नव्हे. पुरावा एकच, आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या मिस्त्रीच्या हातून बदललेले ऑइल.

ऑइल बदलताना गाडीची तपासणी फुकटात होते, हा त्याहून मोठा फायदा. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी. सकाळी चेंबरचा नट किंचित सैल करावा. तळाशी पाणी असेल तर ते आधी बाहेर येते. दुधासारखे ऑइल निघाले तर गॅस्केट, कूलर किंवा लायनरमधून पाणी शिरत आहे. पट्टीवर पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास असेल तर इंधन आत उतरते आहे. मग नट आवळून इंजिन गरम करावे आणि सारे ऑइल काढावे. जुना फिल्टर कापून पाहावा. त्यात चमकणारा कीस दिसला तर बेअरिंग झिजले आहेत. ही गोष्ट गॅरेजमध्ये कळली तर हाफ इंजिनवर भागू शकते, लोहा-अहमदपूरच्या चढावर भरल्या मालात कळली तर क्रँकसुद्धा हाती राहत नाही.

काही जुने ड्रायव्हर म्हणतात की जुन्या इंजिनाला नवे ऑइल सोसत नाही, गळती लागते. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. साचलेल्या मळामुळे झिजलेल्या सीलची गळती दबलेली असते, ती उघडी पडते. पण सील नव्या ऑइलने खराब केलेले नसते. ती गळती गॅरेजच्या दारात दिसलेली बरी. मळ फार असेल तर फ्लशिंगच्या भानगडीत न पडता साधे चांगले ऑइल भरावे आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा बदलावे.

गिअर बॉक्स आणि क्राऊनकडे तर कोणी पाहतच नाही. दोन्हींत एकच ऑइल ओतण्याची सवयही वाईट. क्राऊनला दाब सोसणारे ऑइल लागते, त्यातील रसायन काही गिअर बॉक्सच्या पितळी रिंगा खाते. गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल तेच भरावे. स्टिअरिंगचे ऑइल वेगळे, क्लचचे वेगळे. क्लचच्या डबीत चुकून इंजिन ऑइल पडले तर रबर फुगते आणि ऐन ट्रॅफिकमध्ये क्लच दगा देतो.

आपल्या भागात सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचे पाणी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात ढाब्यावरच्या बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये जाते. त्याचा क्षार आत थर धरतो आणि मे महिन्यात इंजिन तापू लागते. मग कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकतो. त्याने रोग बरा होत नाही, इंजिन मात्र थंड चालून अधिक झिजते. नुसत्या पाण्याने लायनरला बाहेरून बारीक भोकेही पडतात. म्हणून पाणी पूर्ण काढून, रेडिएटर धुऊन, डिस्टिल्ड पाण्यासह कूलंट भरावे.

डिझेलचे फिल्टर बदलावेत, टाकीच्या तळाचे पाणी काढावे, ब्रेकच्या हवेच्या टाक्याही रिकाम्या कराव्यात. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर तिला तिच्यासाठीचेच ऑइल हवे. स्वस्तातले जुन्या प्रकारचे ऑइल सायलेन्सरमधील महागडी जाळी राखेने भरून टाकते. युरियाचे द्रावणही सीलबंद डब्यातलेच घ्यावे.

खर्चाचे काय, असे विचारले जाईल. मोठ्या ट्रकच्या एका इंजिनालाच १२ ते २० लिटर ऑइल लागते, खर्च लहान नाही. म्हणूनच तो सौद्याच्या वेळीच धरावा. इसार देण्यापूर्वी मिस्त्रीकडून यादी करून घ्यावी आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करण्याचा आग्रह धरावा. टायर घासलेले दिसले तर आपण भाव पाडतो, मग ऑइलसाठी का नाही? विकणाऱ्यानेही मालाचा ऐब सांगूनच सौदा करावा, बरकत त्यातच आहे.

आपल्या मिस्त्री बंधूंनाही एक सांगणे आहे. कोणते ऑइल, किती, कोणत्या तारखेला आणि किती किलोमीटरवर भरले, हे वहीत लिहून मालकाला चिठ्ठी द्या. गाडी पुढे विकताना ती चिठ्ठी रंगापेक्षा जास्त किंमत मिळवून देईल, आणि तुमच्या हाताची साख वाढेल ती वेगळीच. काढलेले जळके ऑइल नाल्यात सोडू नका, ते शेवटी गोदावरीत आणि मांजरेतच जाते. ते साठवून परवानाधारकालाच द्यावे, असा नियम आहे.

रंग पुढच्या हंगामातही लावता येईल. जाम झालेले इंजिन मात्र हप्त्याची तारीख थांबवत नाही.