तुमचा धंदा कोणता?

लोणच्याची बरणी, चहाची कपबशी, न्हाणीघरांतील फरशी ह्या वस्तू आपण रोज धुतों, पुसतों आणि त्यांच्या गुळगुळीतपणाचें कौतुक करितों. परंतु त्या घडविणाऱ्या मनुष्याच्या छातींत काय शिरलें, ह्याचा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. तो विचार आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

कोणी म्हणेल, चिनीमातीचे मोठे कारखाने गुजरातेंत मोरवीस व थानगडास. त्यांच्याशीं सातारा-सांगलीकरांचा काय संबंध? संबंध पुष्कळ आहे. चिनीमातीचें भांडें केवळ मातीचें नसतें. त्या मातींत गारगोटीचें व फेल्डस्पार नांवाच्या दगडाचें पीठ मिसळावें लागतें. आणि गारगोटी म्हणजेच सिलिका. कांच करावयास लागणारी वाळू तीच; ओतकामाच्या सांच्यांतील वाळूही बहुधा तीच. 1910 मध्यें किर्लोस्करवाडी वसली आणि 1916 मध्यें कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कांचकारखाना निघाला. तेथील प्रभाकर कंदील एके काळीं घरोघरीं तेवत असे. भट्टी आणि वाळू हीं तेव्हांपासून ह्या भागांतील पुष्कळ कुटुंबांच्या अन्नाचीं साधनें झालीं. आम्ही हीं नांवें दोष देण्यासाठीं घेत नाहीं. विषय आपल्या अंगणांतला आहे, इतकेंच दाखवितों. आज मोरवीची फरशी आपल्या गांवीं येते, तेव्हां ती विजेच्या यंत्रानें कोरडी कापून बसविणारा तरुण आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी असण्याचा संभव असतो.

डोळ्यांस दिसणारी धूळ बहुतेक नाकांत अडते किंवा खोकल्यावाटे पडते. घातक असते ती न दिसणारी. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारें 70 मायक्रॉन धरली, तर 5 मायक्रॉनांहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या हवापिशव्यांपर्यंत पोंचतात. शरीरांतील रक्षक पेशी त्यांस गिळतात; परंतु सिलिका पचत नाहीं, पेशीच मरतात, आणि त्या जागीं राठ तंतूंच्या गांठी बनतात. गांठी वाढल्या म्हणजे श्वास अपुरा पडूं लागतो. ह्या विकारास सिलिकोसिस म्हणतात. तो बहुधा दहा किंवा अधिक वर्षें गुप्त राहतो. धूळ फार असल्यास लवकरही प्रगट होतो. काम सोडल्यावरही तो वाढूं शकतो, आणि झालेली हानि भरून काढणारें औषध नाहीं. 1997 मध्यें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें ही धूळ कर्करोगकारक ठरविली. भट्टीचा ताप आणि शिसें घातलेल्या झिलईचा विषार हीं संकटें वेगळींच. परंतु मुख्य शत्रु धूळच होय.

ह्या शत्रूचें मोठें कपट असें कीं, तो दुसऱ्याचा वेष घेतो. खोकला, धाप, रोडावत जाणारें शरीर हीं लक्षणें पाहून घरचे लोक दमा म्हणतात, शेजारी क्षय म्हणतात. त्यांतून सिलिकानें दुबळ्या झालेल्या फुप्फुसांत क्षयाचे जंतू सहज घर करितात. म्हणजे कधीं कधीं दोन्हीं रोग एकाच छातींत नांदतात. मिरजेस 1894 मध्यें डॉ. वानलेस यांचें रुग्णालय सुरू झालें, व त्यांच्या नांवाची वानलेसवाडी पुढें क्षयरोग्यांच्या आरोग्यधामासाठीं प्रसिद्ध झाली. अशा आपल्या प्रांतांत क्षयाचें नांव प्रत्येकाच्या तोंडीं असावें ह्यांत नवल नाहीं. परंतु क्षयाच्या औषधानें क्षय बरा होतो, धुळीची हानि बरी होत नाहीं. आणि रोग्यास पुनः त्याच धुळींत धाडलें तर सर्व श्रम व्यर्थ होतात.

इटलींतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी ह्यानें 1700 मध्यें कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला व त्यांत कुंभारांसही स्थान दिलें. त्यानें वैद्यांस एक उपदेश केला: जुन्या वैद्यांनीं सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एक घालावा, तुमचा धंदा कोणता? आमच्या मतें आजही ह्या एका प्रश्नाइतकें स्वस्त औषध दुसरें नाहीं.

कायदाही ह्याच प्रश्नावर उभा आहे. 1948 च्या कारखान्यांच्या कायद्यानें सिलिकोसिस व शिशाची विषबाधा ह्यांस सरकारास कळवावयाच्या रोगांच्या यादींत घातलें आणि रोग्यास तपासणाऱ्या डॉक्टरावरही कळविण्याचें कर्तव्य ठेविलें. 2020 च्या श्रमसंहितेंतही अशी यादी आहे. परंतु धंदा विचारलाच नाहीं, तर डॉक्टर कळविणार काय? आणि कळविलेंच नाहीं, तर निरीक्षक येणार कशास आणि भरपाई मिळणार कोणास?

‘धूळ खाल्ल्यावांचून पोट कसें भरेल?’ असें कित्येक कामकरी म्हणतात. आम्ही धंदा सोडा असें म्हणत नाहीं. धूळ सोडा असें म्हणतों. इंग्लंडांत टॉमस बेन्सन ह्यानें 1726 मध्येंच गारगोटी पाण्यांत दळण्याचें पेटंट घेतलें, कारण कोरड्या दळणानें माणसें मरत होतीं. उपाय तोच आहे: दळणें व कापणें ओलें करावें, यंत्राच्या तोंडाशींच धूळ ओढून घ्यावी, जमीन झाडण्याऐवजीं ओल्या फडक्यानें पुसावी. ही व्यवस्था करणें मालकाचें काम आहे. तोंडास बांधलेला रुमाल बारीक कण थांबवीत नाहीं. योग्य मुखवटा हवा, आणि तोही ह्या व्यवस्थेच्या जोडीस, तिच्या जागीं नव्हे.

पालकहो, कामावरचे कपडे घरांत झटकूं नका. कामाचा कागद, पगाराची चिठ्ठी, छातीचा जुना फोटो हीं जपून ठेवा. पुढें तोच पुरावा होतो. आणि विद्यार्थीमित्रांनो, वडिलांस, काकांस अथवा थोरल्या भावास दवाखान्यांत नेण्याची पाळी आली, तर डॉक्टरांनीं विचारण्याची वाट पाहूं नका. हे कोणत्या कामावर होते, किती वर्षें होते आणि तेथें धूळ कशाची होती, हीं तीन वाक्यें आपण होऊन सांगा. तुम्ही शिकलां त्या विद्येचा घरास ह्याहून चांगला उपयोग आम्हांस तरी दिसत नाहीं.