फळ्यामागचे डबे

एल्फिन्स्टन हायस्कुलातला तो प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. मास्तरांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं आणि वर्गात एकच गलका उडाला. सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले. हा फळ्याला शिवला तर डबे बाटतील! पोरं धावली, डबे उचलले, मग गणित सुटलं. दर जयंतीला हे सांगतात. ऐकणाऱ्याचे डोळे भरतात, टाळ्या पडतात, लाऊडस्पीकर पुढच्या गाण्याला लागतो. डबे सगळ्यांच्या लक्षात राहिले. गणित कोणाच्याच राहिलं नाही.

ह्या अंकाचं संपादकीय गणितावर आहे. हसू नका, मित्रांनो. आमच्या बैठकीत हसून झालंय. टेबलावर अत्याचाराच्या बातम्यांचा ढीग, आणि हा म्हणतो सहावी-सातवीच्या पोरांचा गणिताचा तास! एकाने तर विचारलं, आता काय पाढे म्हणून क्रांती करणार काय?

मी गोदीत माल उतरवतो. कंत्राटी. दहावी पास आहे म्हणजे दुसऱ्या खेपेला पास. मार्चात गणित उडालं, पुरवणीत निसटलो. आमच्या गँगमधल्या पोरांना विचारा, शाळा कुठं सुटली. निम्म्यांचं उत्तर एकच, गणितात. वही घेऊन मोजणारा सावलीत उभा, उचलणारा उन्हात. आणि उचलणाऱ्याला हिशोब येत नाही असं नाही बरं का! एका खेपेत किती नग, पाळीत किती खेपा, त्यातल्या मुकादमाने किती गिळल्या, सगळं तोंडपाठ. पण हा हिशोब शाळेत चालत नाही. शाळेचं गणित वेगळं, त्याची भाषा वेगळी, त्याचा मास्तर वेगळा.

सातवीत ऋण संख्या आल्या. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, पाठ करा, म्हणाले. मी हात वर करून विचारलं, का? तर म्हणाले, "ऋण म्हणजे कर्ज. तुमच्या वस्तीत तर घरोघरी आहे, तुला आधी कळायला पाहिजे." वर्ग हसला. मीही हसलो, सालं, तेच अजून खुपतं. त्या दिवसापासून मी गणिताच्या तासाला हात वर केला नाही. डबे कधीच उचलून नेलेत, पण फळ्याजवळ जाताना पाय अडतो तो अडतोच.

आता म्हणतात तंत्रज्ञान आलंय, पोरं हसतखेळत शिकतील. मुंबई महापालिकेने २०१५ साली आठवीच्या पोरांना टॅब वाटायला सुरुवात केली. केंद्र सरकारचं दीक्षा २०१७ साली आलं. पुस्तकावरच्या चौकोनावर फोन धरला की धडा पडद्यावर. २०२० ला कोरोना आला आणि अख्खी शाळाच फोनात शिरली. फोन कोणाकडं? घरात एक, तो बापाच्या खिशात, बाप कामावर. ते सोडा. ज्यांच्या हातात फोन आला त्यांचं काय झालं ते बघू.

माझा भाचा सहावीत होता. त्याच्या शाळेत फुग्यांचा खेळ. पडद्यावर फुगे वर जातात, प्रत्येकावर गणित, खाली चार उत्तरं. बरोबर दाबलं तर फुगा फुटतो, चांदणी मिळते. चुकलं तर मशीन ओरडतं, ढँण्ण! पंधरा मिनिटांत पोराने मेख ओळखली. काहीही न वाचता भराभर दाबत सुटलं तरी चारांत एकदा फुगा फुटायचाच. चांदण्या गोळा करून घरी आला, आई खूष. मी विचारलं, तीन छेद चार मोठा का पाच छेद आठ? म्हणाला, "मामा, पर्याय दे ना."

छडीच्या जागी ढँण्ण आलं, एवढाच फरक. मास्तराला "का?" विचारलं तर अपमान तरी करायचा. काचेला "का?" विचारायची सोयच नाही. मी यंत्राच्या विरुद्ध नाही, खेळाच्या तर नाहीच. वस्तीतलं पोर कॅरमच्या बोर्डावर कोन मापतं, पत्त्यांत मोजणी ठेवतं. पण कॅरम त्याचा आहे. फुगा त्याचा नाही. डाव कोणी मांडला, नियम कोणी केले आणि चुकल्यावर बोलायचा हक्क कोणाला, मी ह्यावर अडलो होतो. वाट सापडली ती एका काळ्या मास्तराच्या पुस्तकात. ‘रॅडिकल इक्वेशन्स’, साल २००१, बॉब मोझेस आणि चार्ल्स कॉब ह्यांनी मिळून लिहिलेलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन चार महिने वाचलं.

बॉब मोझेस १९३५ सालचा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. शाळेत गणित शिकवायचा. १९६१ साली नोकरी सोडून मिसिसिपीत गेला, काळ्यांची नावं मतदार यादीत घालायला. तिथं मार खाल्ला, डोकं फुटलं, सोबतीचे लोक गोळ्या घालून मारले गेले. तिथला कायदा असा, की मत हवं तर परीक्षा द्या, राज्यघटनेतलं कलम वाचून अर्थ सांगा. परीक्षक गोरा. गोऱ्याला सोपं कलम, काळ्याला अवघड. आणि अर्थ बरोबर की चूक ते परीक्षकच ठरवणार. कोर्टात मोझेसला विचारलं गेलं, अडाण्यांना मतनोंदणीला कशाला आणतोस? त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्यांना तुम्हीच शिकू दिलं नाही त्यांना शिकले नाहीत म्हणून मत नाकारता, हे दोन्हीकडून खाणं झालं.

मोझेसची संघटना स्निक. तिच्याच पोरांनी अलाबामातल्या लाउंड्स परगण्यात काळ्यांचा पक्ष उभा केला, त्याची निशाणी काळा चित्ता. १९६६ साली ओकलंडच्या ब्लॅक पँथरांनी तो चित्ता घेतला आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी. चित्ता आपण घेतला. गणिताची वही तिथंच राहिली.

ती वही १९८२ सालची. मोझेस मधली काही वर्षं टांझानियात गणित शिकवून परतला होता, केंब्रिजला राहत होता. मुलगी माइशा आठवीत जाणार होती आणि शाळेत आठवीला बीजगणितच नव्हतं. तिकडे बीजगणित वेळेत झालं नाही तर पुढे कॉलेजच्या गणिताचा दरवाजा बंद. बापाने विचारलं, मी वर्गात बसून शिकवू का? बाई म्हणाल्या, शिकवा, पण आणखी काहींना सोबत घ्या. चार पोरं झाली. त्यातून अल्जिब्रा प्रोजेक्ट उभा राहिला. मोझेसला दिसलं, की वर्गात पोरं चाळून वेगळी केलेली आहेत. गोरी, खात्यापित्या घरची वरच्या गणिताला. काळी, गरीब खालच्या. त्याने सरळ मांडलं, की १९६० च्या दशकात मताचा हक्क होता तसा आता गणित हा हक्क आहे. यंत्रांच्या जमान्यात ज्याला बीजगणित नाही तो जमीन नसलेल्या कुळासारखा.

पण मला त्याचं भाषण नाही आवडलं, युक्ती आवडली. पोरं ऋण संख्येला अडतात ती का, हे त्याने शोधलं. लहानपणापासून त्यांना गणिताने एकच प्रश्न विचारलेला असतो, किती? ऋण संख्या दुसरा प्रश्न विचारते, कुठल्या बाजूला? हा प्रश्न पोराच्या डोक्यात आणायचा कसा? मोझेस त्यांना घेऊन रेल्वेत बसला. बॉस्टनची रेड लाइन. प्रवास करा, मग चित्र काढा, मग आपल्या बोलीत सांगा, मग तेच नेमक्या भाषेत, आणि सगळ्यात शेवटी चिन्ह. आपल्या शाळेत चिन्ह पहिलं येतं, आणि पोराची बोली येतच नाही. आली तर हसतात.

आम्ही हे हार्बरवर करून पाहिलं. रे रोड शून्य. कॉटन ग्रीन अधिक १, शिवडी २, वडाळा ३. उलट्या बाजूला डॉकयार्ड वजा १, सँडहर्स्ट वजा २, मस्जिद वजा ३, सीएसएमटी वजा ४. आता मस्जिदला चढून वडाळ्याला उतरायचं. किती स्टेशनं? पोरं बोटं मोडून सांगतात, सहा. मग लिहा, कुठं पोचलो त्यातून कुठून निघालो ते वजा. ३ वजा, वजा ३. बरोबर ६. वजातून वजा गेलं की वाढतं कसं, हे कर्जाचं नाव न काढता सातवीच्या पोरीला कळलं. मला त्या क्षणी रडू आलं असतं, पण बारा पोरं बघत होती.

मोझेसचा दुसरा डाव फ्लॅगवे. जमिनीवर वाटा आखलेल्या, प्रत्येक नाक्यावर तीन फाटे. हातात संख्या. तिचे मूळ अवयव पाडायचे. एखादा अवयव पुन्हा आला, जसं १२ म्हणजे २×२×३, तर एक वाट. कोणी पुन्हा आला नाही आणि मोजणी विषम, जसं ३० म्हणजे २×३×५, तर दुसरी. मोजणी सम, जसं ६ म्हणजे २×३, तर तिसरी. संख्यांचे तीन गट पडतात. (जात हा शब्द मुद्दाम टाळतोय.) अवयव पाडत पळायचं, शेवटी झेंडा. ह्या खेळाच्या पोटात मोबियसचं १८३२ सालचं फलन आहे, मोठ्या कॉलेजातलं. पोरांना ते सांगायची गरज पडत नाही, ती पळत असतात.

आणि शिकवतं कोण? मिसिसिपीतल्या जॅक्सनला १९९६ साली प्रोजेक्टमधल्या पोरांनीच आपली संघटना काढली, यंग पीपल्स प्रोजेक्ट. सुरुवात आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरच्या शिबिरांनी. यंत्र मोठ्या पोरांनी आधी स्वतः उलगडलं, मग धाकट्यांना शिकवलं. पुढे अशा शिकवणाऱ्या पोरांना कामाचे पैसेही मिळू लागले. समाजसेवेचं ताट नव्हे, मजुरी! यंत्र तेच, पण त्याच्यापुढे बसलेलं पोर आता गिऱ्हाईक नव्हतं.

आमच्याकडे कॅल्क्युलेटर नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत विहाराच्या अंगणात खडूने वाटा आखल्या. खोक्याच्या पुठ्ठ्याचे १ ते १०० पत्ते. पंच नववीतली एक पोरगी. फोन एकच, तो तिच्या हातात. प्रत्येकाची धाव ती टिपणार, आणि चुकला त्याने आपलीच धाव बघून सांगायचं, कुठल्या नाक्यावर वळण चुकलं. ढँण्ण नाही. पहिला तंटा ९१ वर झाला. एक पोरगा मूळ संख्या समजून विषमच्या वाटेने सुटला. भिंतीवर बसलेली सहावीतली एक ओरडली, "तेरा साती एक्क्याण्णव!" पाढा तिच्या आजीकडून आलेला. दोन अवयव, सम. पोरगा उलटा पळत आला.

मोठं भांडण १ वरून. त्याला मूळ अवयवच नाहीत, म्हणजे मोजणी शून्य. शून्य सम का विषम? अर्धी अंगणात, अर्धी ओट्यावर, शिव्यासुद्धा झाल्या. शेवटी फुगेवाला माझा भाचा, आता सातवीत, म्हणाला, रेल्वे बघा ना. शिवडी २ सम, कॉटन ग्रीन १ विषम, डॉकयार्ड वजा १ विषम. एक आड एक येतंय, मग मधलं रे रोड काय असणार? पर्याय न मागता बोलला.

हे केल्याने शाळेत शिक्षक येत नाहीत, रिकाम्या जागा भरत नाहीत, फी कमी होत नाही. त्यासाठी मोर्चा आहेच, आणि तो सोडून खडू घ्या असं कोणी म्हणत नाही. मोझेस २०२१ च्या जुलैत गेला तेव्हा अमेरिकेतल्या काळ्या पोरांचे वर्ग काही सुधारून बसले नव्हते. चाळीस वर्षं खपला, चाळणी तशीच. हे लपवून मी तुम्हाला आशा विकणार नाही. पण आमच्या ज्या मित्राने क्रांतीचा प्रश्न विचारला, त्याने त्या दिवशी ८७ ला मूळ ठरवलं आणि एका पोरीने त्याला तीनने भागून दाखवलं. तो आता दर रविवारी येतो. पोस्टर लिहायचं सोडून नाही, पोस्टर लिहून झाल्यावर.

ज्यांच्या वस्तीत अंगण आहे त्यांनी मांडून बघा, नियम वर दिलेत, बदलायचे तर बदला. आमच्या पोरांना आता १०१ ते २०० चे पत्ते हवेत. पुठ्ठा आहे, गोदीच्या खोक्यांना तोटा नाही. स्केचपेन संपलेत.