आधी कपलर, मग ऑल्टरनेटर

पाऊस सुरू झाला की बॅटरीचा लाल दिवा पेटलेल्या गाड्या आपल्या दारात वाढतात. स्कॅनर लावला की पी०६२०, पी०६२१ नाहीतर पी०६२२ यांपैकी एखादा कोड दिसतो. मग पट्टा सैल होतो, ऑल्टरनेटर उतरतो, नवा चढतो, कोड पुसला जातो आणि गाडी निघून जाते. काही दिवसांनी तीच गाडी परत येते, तोच दिवा घेऊन. गिऱ्हाइकाचा खिसा तोवर रिकामा झालेला असतो आणि आपली पत गेलेली असते. या महिन्याचं संपादकीय या एकाच सवयीबद्दल आहे, कारण ती आपल्या धंद्याला आतून पोखरते आहे.

पी०६२० हा कोड ऑल्टरनेटर जळाला असं सांगत नाही. ईसीएम आणि रेग्युलेटर यांच्यामधल्या तारेवर अपेक्षित सिग्नल मिळाला नाही, एवढंच तो सांगतो. पी०६२१ एल तारेकडे म्हणजे दिव्याच्या तारेकडे बोट दाखवतो, पी०६२२ फिल्डच्या तारेकडे. दोष रेग्युलेटरमध्ये असू शकतो, तारेत असू शकतो, कपलरमध्ये असू शकतो, क्वचित ईसीएममध्येही असू शकतो. यांतलं सगळ्यात महाग सामान आपण आधी बदलतो आणि सगळ्यात स्वस्त जागा शेवटी बघतो, किंवा बघतच नाही.

जुन्या गाड्यांत हा कारभार सरळ होता. चावी फिरवली की मीटरमधल्या दिव्यातून एल तारेने थोडा करंट फिल्ड कॉइलला मिळायचा, आणि एकदा चार्जिंग सुरू झालं की रेग्युलेटर आपलं आपण सांभाळायचा. पुढे ईसीएमने यात लक्ष घातलं. सी तारेने तो हुकूम देऊ लागला आणि एफआर तारेने फिल्ड किती वेळ चालू आहे याचा हिशेब घेऊ लागला. आता अनेक गाड्यांत या दोन्हींच्या जागी एकच लिन तार असते. बॅटरीच्या निगेटिव्हवरचा सेन्सर करंट आणि तापमान कळवतो, त्यावरून ईसीएम व्होल्टेज ठरवतो आणि रेग्युलेटर ते पाळतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की व्होल्टेज चढतं, जोरात ओढताना उतरतं. होंडाच्या कित्येक गाड्यांत विजेचा लोड कमी असला की ईसीएम मुद्दाम साडेबारा व्होल्टच्या आसपास ठेवतो. हेडलाइट आणि ब्लोअर लावा, आकडा चौदाच्या वर जातो. ‘आयडलला साडेबारा, म्हणजे डायनमो बसला’ हा निकाल अशा गाडीवर साफ चुकीचा आहे.

उलट बाजूचा घोळ त्याहून मोठा. लिनवरचा संवाद तुटला तर बहुतेक रेग्युलेटर ठरलेल्या एका व्होल्टेजवर येऊन थांबतात, साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान. म्हणजे दिवा पेटलेला, कोड आलेला आणि मीटरवर मात्र चौदा व्होल्ट. अशा गाडीत चार्जिंग उघडपणे होत असताना पहिलं पाऊल ऑल्टरनेटर उतरवण्याचं असूच शकत नाही.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करा. इंजिन बंद ठेवून, गाडी जरा विसावल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. बॅटरीच खाली असेल तर पुढच्या कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. मग इंजिन चालू करून, लोड लावून ऑल्टरनेटरच्या बी प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत व्होल्टेज ड्रॉप बघा. नंतर ऑल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत बघा. अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थ साफ करा. त्यानंतर कपलर.

कपलरमधल्या आयजी आणि एस तारांची तपासणी बझरने करू नका. मल्टीमीटर तारेतून अगदी नगण्य करंट पाठवतो. दहा धाग्यांतला एक धागा शिल्लक असला तरी बझर वाजतो. २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर मागतो. बल्ब लख्ख पेटला तर तार चांगली, मिणमिणला तर हार्नेसमध्ये दोष आहे. एस तारेत रेझिस्टन्स वाढला तर रेग्युलेटरला बॅटरी खरी आहे त्याहून खाली दिसते, तो चार्जिंग वाढवत राहतो आणि बॅटरी उकळते. त्यातही आपण ऑल्टरनेटरलाच दोष देतो.

हा बल्ब सी, एफआर किंवा लिन तारेवर मात्र चुकूनही लावू नका, ईसीएमचा ड्रायव्हर जाईल. लिन तारेसाठी कपलर काढा, चावी चालू करा आणि हार्नेसच्या बाजूला व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा थोडे कमी आणि हलते व्होल्ट दिसले तर ईसीएम बोलतो आहे. बॅटरीइतका स्थिर आकडा म्हणजे तार ठीक, पण तिच्यावर कोणी बोलत नाही. शून्य म्हणजे तार तुटली आहे किंवा अर्थ झाली आहे. आणि कपलर काढल्यावर ठीक, लावल्यावर शून्य असेल, तर रेग्युलेटर दोषी. आता खुशाल ऑल्टरनेटर उतरवा, कारण आता पुरावा हातात आहे.

आमच्या पाहण्यात आलेली एक डिझेल गाडी सांगण्यासारखी आहे. कोकणातली गाडी, पी०६२२ येऊन-जाऊन, ऑल्टरनेटर दोनदा बदललेला. बाहेरून कपलर चकचकीत. कुलूप उघडून फिमेल पिन बाहेर काढली तेव्हा तारेच्या रबरी सीलमागे हिरवी पूड निघाली. त्याच मापाची मेल पिन तिच्यात सरकवून कपलर उलटा धरला, तर ती आपल्या वजनाने खाली पडली. चांगली पिन अशी सोडत नाही, ओढावी लागते. आधीच्या कोणीतरी मल्टीमीटरचा जाड प्रोब समोरून खुपसून ती पिन रुंद केली होती, आणि त्याच वेळी सीलही फाटलं होतं. म्हणजे पहिला दोष काहीही असो, दुसरा तपासणीनेच पैदा केला होता. एक पिन आणि एक सील, एवढंच सामान लागलं. प्रोब नेहमी मागून, बारीक सुईने लावायचा, तो याचसाठी.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून चार्जिंग बघण्याची पद्धत आता कायमची बंद व्हायला हवी. बॅटरी अचानक सुटली की ऑल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळतं. मूळ डायोड प्लेटमधले झेनर ते बरंचसं रोखतात, पण स्वस्तात दुरुस्त केलेल्या प्लेटमध्ये तसे डायोड असतीलच याची हमी नाही. आणि एवढा धोका पत्करून कंट्रोल सर्किटबद्दल तर काहीच कळत नाही.

लोकल रेग्युलेटरबद्दलही सावध राहा. बोल्ट बसले, कपलर बसला, चार्जिंग झालं, तरी लिनची भाषा जुळली नाही तर कोड येणारच. तसंच हॉर्न, ॲम्प्लिफायर यांचे अर्थ थेट बॅटरीच्या मायनस पोलवर लावले तर त्यांचा करंट सेन्सरला दिसत नाही आणि ईसीएमचा हिशेब चुकतो. हे अर्थ बॉडीवर घ्या.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि खरं दुखणं तिथेच आहे. सामान बदललं तर नफा मिळतो, सामान वाचवलं तर तासभर फुकट जातो, अशी आपण स्वतःच रीत पाडली आहे. पिन बदलल्याचे शंभर रुपये सांगताना आपली जीभ अडखळते, ऑल्टरनेटरचे हजारो सांगताना अडखळत नाही. आमचं स्पष्ट मत आहे: बिलात ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ हवी, तिचा दर भिंतीवर लावलेला हवा, आणि गाडी हातात घेण्यापूर्वी तो गिऱ्हाइकाला सांगितलेला हवा. जॉबकार्डवर मोजलेले व्होल्ट लिहा. मिणमिणता बल्ब गिऱ्हाइकाला बोलावून दाखवा. डोळ्यांनी पाहिलेल्या दोषाचे पैसे द्यायला लोक कुरकुरत नाहीत.

पुढच्या अंकापासून ऑल्टरनेटर कपलरच्या पिनांची माहिती देणारं एक पान आम्ही राखून ठेवत आहोत. ते तुमच्या नोंदींवरच चालेल. गाडीचं मॉडेल आणि वर्ष, कपलरच्या कोणत्या खाचेत कोणत्या रंगाची तार, चावी चालू असताना आणि इंजिन चालू असताना मिळालेले व्होल्ट, एवढं कळवा. फोटो पाठवणार असाल तर हार्नेसच्या कपलरचा, समोरून, लॉक वरच्या बाजूला ठेवून काढा. मागून काढलेल्या फोटोत खाचा उलट मोजल्या जातात आणि दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत बल्ब लिन तारेवर लागतो.